मुळावर आलेली दुरुस्ती

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, असं सांगणारा पूर्वज नाशिककडचा नसावा. असता तर त्र्यंबकेश्वरच्या निम्म्या बाजारपेठेच्या पोटावर त्याने असा पाय दिला नसता. इथे नदीचं मूळ शोधावं लागत नाही. ते दाखवलं जातं, आणि एकदा नव्हे, तीनदा. ब्रह्मगिरीच्या माथ्यावर गोदावरी उगम पावते, तिथे गुप्त होऊन गंगाद्वाराला पुन्हा उगम पावते, तिथूनही नाहीशी होऊन खाली गावात कुशावर्तावर तिसऱ्यांदा प्रकटते. ज्याचे गुडघे जसे, तसा त्याचा उगम. डोंगर चढणाऱ्याला पहिला, अर्ध्या वाटेत दम लागलेल्याला दुसरा आणि एसटीतून उतरून सरळ चालत आलेल्याला तिसरा. यातला ‘ओरिजिनल’ कोणता म्हणून तिथे कुणी कुणाशी भांडत नाही. हा समजूतदारपणा नदीच्या बाबतीत दाखवणारी माणसं जुनी वस्तू हातात आली की मात्र कशी बदलतात, हे पाहायचं असेल तर त्यांच्या हाती साठ वर्षांपूर्वीचा एक बेस गिटार द्यावा. तोही असा की ज्यात मधल्या काळात चार जणांनी आपापली अक्कल बसवली आहे. मग ‘हा मूळ स्थितीत आणायचा’ हे वाक्य ऐकू येतं. माझं म्हणणं इतकंच आहे की मूळ स्थिती ही स्थिती नसून तारीख असते, ती तारीख कुणीतरी आपल्या सोयीने निवडलेली असते, आणि वाद्याला तिथवर मागे ओढत नेणं हा त्या वाद्यातला आणखी एक बदल असतो. बहुधा सगळ्यांत महागडा.

बेस गिटार ज्यांनी पाहिला नाही त्यांनीही तो ऐकलेला असतो. चार जाड तारा, लांबलचक मान आणि आवाज असा की कानांपेक्षा तो बरगड्यांना आधी कळतो. ऑर्केस्ट्रात त्याची जागा पंगतीत भात वाढणाऱ्याची. तो फिरतो आहे तोवर कुणी मान वर करून बघत नाही, थांबला की अख्खी पंगत ओरडते. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवत. त्या गाण्यांवर पाय हलवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना आपला पाय नक्की कोण हलवतो आहे याचा पत्ता असतो. तर असा एक बेस नाशिकच्या जुन्या ऑर्केस्ट्रात होता असं समजू. १९६६ साली अमेरिकेत फेंडर कंपनीत तयार झालेला ‘प्रिसिजन’, कुठल्याशा जहाजावरच्या बँडबरोबर मुंबईच्या गोदीत उतरलेला आणि दोन-तीन हात बदलत घाट चढून आलेला. तो काळ आयातीवरच्या निर्बंधांचा; परदेशी वाद्याचा एक स्क्रू इथे येण्यापेक्षा इथला अख्खा माणूस परदेशी जाणं सोपं होतं. त्यामुळे व्हॉल्यूमचा पॉट खरखरायला लागला तेव्हा शालिमारच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने एका मेलेल्या मर्फीतला काढून बसवला. पिकअपची गुंडाळी तुटली तेव्हा मोटार रिवाइंडिंगवाल्याने केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे पुन्हा दिले, आणि मधे चहा आल्यामुळे शेवटचे काही अंदाजाने दिले. पुढे कुणाला तरी आवाजात धार हवी झाली. सुताराने पटाशीने खड्डा पाडून दुसरा पिकअप आत बसवला, आणि रेडिओवाल्याने त्याला बॅटरीवर चालणारं सर्किट जोडलं. पट्टा वारंवार निसटतो म्हणून कडेला घराच्या कोयंड्याचा आकडा ठोकला. आणि घामाने, पावसाने, गणेशोत्सवाच्या मांडवातल्या धुराने मूळचा पिवळा-तपकिरी रंग उडाला तेव्हा द्वारकेकडच्या एका गॅरेजमध्ये टेम्पोला मारून उरलेल्या लाल ड्युकोचे दोन हात त्याच्यावरही फिरले.

आता हे वाद्य नातवाच्या हाती येतं. नातू मोबाईलवर किमती बघतो, आणि घरात इतकी वर्षं ‘आजोबांचं ते धूड’ म्हणून माळ्यावर पडलेल्या वस्तूला एका संध्याकाळीत ‘व्हिंटेज’ ही पदवी मिळते. पाठोपाठ जीर्णोद्धाराची यादी निघते. लाल रंग खरवडायचा. पटाशीने पाडलेल्या खड्ड्यात त्याच जातीचं, त्याच रेषांचं आल्डरचं लाकूड बसवायचं आणि जोड दिसता कामा नये. वर नायट्रोसेल्युलोजचं लॅकर मारायचं, आणि ते पुन्हा साठ वर्षं जुनं दिसायला हवं. पण खरी करमणूक पॉटपाशी सुरू होते. त्या काळच्या अमेरिकन पॉटच्या पाठीवर आकडे कोरलेले असतात: आधी तीन आकडे कारखान्याचे (१३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल), मग साल आणि मग वर्षातला आठवडा. म्हणजे हे अंगठ्याएवढं कडं १९६६च्या कितव्या आठवड्यात जन्मलं ते कळतं. आपल्याकडे कित्येकांच्या पत्रिकाही ‘पहाटे, गाई सुटायच्या वेळी’ एवढ्यावर भागवलेल्या आहेत. असा पॉट नवा मिळत नाही. तो त्याच साली बनलेल्या दुसऱ्या एखाद्या गिटारमधूनच काढावा लागतो. मग एका वाद्याला मूळ करण्यासाठी दुसऱ्याचं मूळ उपटायचं, आणि ते दुसरं कुठे तरी बिनपॉटचं, आता त्याला कुणी तरी मूळ स्थितीत आणील या आशेवर पडून राहायचं. शिवाय पॉटवर एक तारीख, मानेच्या टाचेवर दुसरी, कारण कारखान्यात हे भाग वेगवेगळ्या वेळी बनून खोक्यांत पडत आणि जो हाताला लागेल तो जोडला जाई. तेव्हा वाद्याचा जन्म कधी धरायचा, मान कापली तेव्हा, पॉट बनला तेव्हा, की तार चढली तेव्हा? गर्भाधान, बारसं आणि मुंज यांतला वाढदिवस कोणता, हे ठरवायला जिथे ज्योतिषी थकले तिथे खरेदीदार भिंग घेऊन बसतात. ते डाखसुद्धा तपासतात. डाख मूळचा हवा. म्हणजे साठ वर्षांपूर्वी फुलर्टनच्या कारखान्यात कुणा कामगाराने जेवणाच्या सुट्टीआधी घाईघाईने सोडलेला कथील-शिशाचा तो थेंब आता पूज्य, आणि शालिमारच्या माणसाने चष्मा कपाळावर सरकवून नीट दिलेला डाख भ्रष्ट.

इथे ज्यांच्या नावाने हे सोवळं पाळलं जातं त्या लिओ फेंडर यांच्याकडे एकदा पाहायला हवं. हे गृहस्थ मूळचे हिशेबनीस. नंतर त्यांनी कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. गिटार वाजवायला ते कधीच शिकले नाहीत. शालिमारचा रेडिओवाला आणि ते एकाच घराण्याचे, फरक गावाचा. १९५१ साली त्यांनी प्रिसिजन बेस काढला, १९५४च्या सुमारास त्याच्या कडा गोलावल्या, १९५७ साली पिकअप दुभंगून नवा केला, डोकं मोठं केलं; १९६५च्या जानेवारीत कंपनी सीबीएसला विकून मोकळे झाले, आणि १९७६ साली दुसऱ्याच नावाखाली ‘स्टिंगरे’ नावाचा बेस बाजारात आणला, ज्याच्या पोटात बॅटरीवर चालणारं सर्किट होतं. म्हणजे ज्यांच्या मूळ कल्पनेला धक्का लागू नये म्हणून नातू बॅटरीचं सर्किट उपटतो आहे, त्यांनी स्वतः ते हौसेने बसवलं होतं. त्यांच्या मूळ कल्पनेतल्या काही गोष्टी तर वादकांनी पहिल्या दिवसापासून ऐकल्या नाहीत. बेस अंगठ्याने वाजवतील या समजुतीने त्यांनी तारांच्या खालच्या बाजूला बाकीची बोटं टेकवायला एक पट्टी बसवली. वादक बोटांनी वाजवू लागले, पट्टी निरुद्योगी झाली, तरी ती तिथे १९७४पर्यंत तशीच होती. सरकारी खात्यात एखादं पद राहतं तशी. पिकअपवर आणि ब्रिजवर दोन चकचकीत झाकणं होती, ब्रिजवरच्या झाकणाच्या पोटात तारा दाबून धरणारा स्पंज होता. हात ठेवायला अडचण म्हणून बहुतेकांनी ती झाकणं काढून टाकली आणि त्यांत सिगारेटी विझवल्या. आता याच झाकणांसाठी लोक जग पालथं घालतात. म्हणजे ज्या काळाला हे वाद्य परत न्यायचं त्या काळात ते असं कधी दिसतच नव्हतं. मूळ स्थिती म्हणून जी दाखवतात ती दुकानाच्या काचेमागची स्थिती, विकत घेण्याआधीची. त्या दिवशी त्यातून एकही गाणं वाजलेलं नव्हतं.

लाल रंगाचा तर खटलाच निकाली निघतो. फेंडरने साठच्या दशकात जे खास रंग म्हणून जास्तीचे पैसे घेऊन विकले ते रंग गिटारींसाठी बनलेलेच नव्हते. ते ड्यू पाँट कंपनीचे मोटारींचे रंग होते. ‘फिएस्टा रेड’ नावाचा आज सोन्याच्या भावाने जाणारा लाल हा फोर्डच्या थंडरबर्ड गाडीचा रंग. या रंगांचं व्यापारी नाव काय? एका प्रकाराचं ल्युसाइट आणि दुसऱ्याचं ड्युको. होय, तोच ड्युको, ज्याचं नाव पुढे आपल्याकडच्या गॅरेजांत आणि सुतारांच्या तोंडी सामान्यनाम होऊन बसलं. तेव्हा द्वारकेकडच्या रंगाऱ्याने गाडीचा उरलेला लाल ड्युको बेसला मारला म्हणजे परंपरेचं उल्लंघन केलं असं नव्हे. नकळत त्याने ती फुलर्टनहून इथवर आणली. फरक इतकाच की त्याने जास्तीचे पैसे घेतले नाहीत, आणि बहुधा हीच त्याची चूक झाली.

कुणी म्हणेल, अमेरिकेतल्या वस्तूचं तिथे काय ते असो, आपल्याकडे जुन्याचं जतन म्हणजे मूळ रूपच. आपल्याकडेच पाहू, जिल्ह्याबाहेरही जायला नको. १९०६ साली गोदाकाठच्या जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी क्षत्रप राजा नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा शिक्का पुन्हा मारलेला आहे. हरवलेल्या राजाची नाणी वितळवायची, पुन्हा ओतायची, एवढा खटाटोप न करता गड्याने सरळ त्याच्या चेहऱ्यावरच आपला ठप्पा ठोकला. काटकसरीचं याहून राजेशाही उदाहरण मिळणं अवघड. आता या नाण्यांना मूळ स्थितीत आणा म्हटलं तर काय होईल? सातकर्णीचा ठप्पा घासून काढायचा आणि नहपानाचं नाक पूर्ववत करायचं. नाणं स्वच्छ होईल, आणि सातकर्णीने नहपानाला हरवलं याचा इतका बोलका पुरावा दुसरा नसताना तोच आपण घासकागदाने पुसून टाकलेला असेल. पांडवलेण्यांत दहा नंबरचं लेणं नहपानाच्या नावाने ओळखलं जातं. तिथे मागच्या भिंतीवरचा स्तूप नंतर कुणी तरी कोरून भैरव केला, तरी वरची छत्री राहून गेली. एकाच दगडात दोन काळांची माणसं नांदतात, भाडेकरू आणि जुना मालक राहावेत तशी. आणि नारोशंकराच्या देवळातली घंटा? तिच्यावर १७२१ साल आहे आणि ती पोर्तुगीज आहे. वसईच्या मोहिमेनंतर ती गोदाकाठी आली आणि १७४७ साली बांधलेल्या देवळात टांगली गेली. तिची मूळ स्थिती चर्चच्या मनोऱ्यातली. पण नाशिककर पुराचं पाणी कुठवर चढलं ते या घंटेवरून मोजतात, आणि हा मान तिला वसईत मिळाला असता असं वाटत नाही. फार काय, या गावाचंच मूळ नाव कोणतं ते ठरवू पाहा. पद्मनगर, त्रिकंटक, जनस्थान, मोगलांच्या काळचं गुलशनाबाद. त्यातून सुटलात तर नासिक की नाशिक हा प्रश्न आहेच, आणि तो फक्त मिसळीचं मूळ दुकान कोणतं या प्रश्नापेक्षा सोपा आहे.

यावर पहिला आणि रोकडा आक्षेप रोकड्याचाच असतो. मूळ स्थितीतल्या वाद्याला पैसे जास्त मिळतात, मग तत्त्वज्ञान कशाला? पैसे जास्त मिळतात हे खरं आहे. पण ते मिळतात न बदललेल्या वाद्याला. बदलून परत फिरवलेल्याला नव्हे. पुन्हा रंगवलेला बेस हा बाजाराच्या भाषेत ‘रिफिनिश’, मग तो टेम्पोच्या लाल रंगात असो की जाणकाराने महिनाभर खपून चढवलेल्या पिवळ्या-तपकिरीत; भाव दोघांचाही उतरतो. भरलेला खड्डा क्ष-किरणांखाली नाही तरी अतिनील दिव्याखाली बोलतो. म्हणजे हा खर्च करून जे हाती येतं ते ‘मूळ’ नसतं, ‘मूळ वाटावं असं’ असतं, आणि त्या जातीचा माल कंपनी स्वतःच विकते. फेंडरच्या कस्टम शॉपने १९९५पासून ‘रेलिक’ या नावाने नव्या गिटारी मुद्दाम ओरखडून, रंग उडवून, गंज चढवून विकायला काढल्या. एका खोलीत नव्या गिटारला जुनी करणारा कारागीर आणि दुसऱ्या खोलीत जुनीला नवी करणारा, मधे भिंत. दोघांनी आपापल्या गिटारी अदलून-बदलून घेतल्या असत्या तर दोन्ही गिऱ्हाइकांचं काम फुकटात झालं असतं. आणि बाजाराचाच निकाल मानायचा तर त्याचे वरच्या पट्टीतले निकाल बघा. जाको पास्टोरियस या बेसवादकाने १९६२च्या जॅझ बेसचे पडदे उपटून काढले, चिरा भरल्या आणि वर बोटींना लावतात ते इपॉक्सी फासलं. कुठल्याही रीस्टोररच्या अंगावर काटा यावा अशी ही करणी. आज तो बेस मूळ स्थितीत आणावा म्हणून त्यात पडदे ठोकायला कुणी गेलं तर त्याच्यावर गुन्हा दाखल होईल. पॉल मॅकार्टनी याने १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये घेतलेला ह्यॉफनर बेस १९६४ साली नव्याने रंगवला गेला, पिकअपची मांडणीही बदलली गेली. १९७२ साली तो चोरीला गेला तो त्या बदललेल्या रूपात, आणि पन्नासहून अधिक वर्षांनी, २०२४ साली, परत मिळाल्याची बातमी आली तीही त्याच रूपाची. चोराने हौसेने मधल्या काळात तो मूळ रंगात आणून ठेवला असता, तर सापडल्यावरही ओळख पटवायला आणखी पाच वर्षं लागली असती. अर्थात आपले आजोबा म्हणजे जाको नव्हेत हे मान्य. पण मग ते म्हणजे १९६६ सालचा अमेरिकन कामगारही नव्हेत, आणि नातवाच्या घरात त्या दोघांतला एकच जण राहत होता.

दुसरा आक्षेप खरा जड आहे, आणि तो याच गावातला आहे. सगळे बदल इतिहास म्हणून जपायचे ठरलं तर गोदावरीच्या पात्रात रामकुंडाच्या आजूबाजूला ओतलेलं काँक्रीटही जपायचं का? तेही कुणाच्या तरी अकलेने आणि सिंहस्थाच्या गर्दीची सोय म्हणूनच आलं; जुन्या कुंडांचे तळ त्याने झाकले. ते काढा, झरे मोकळे करा, यासाठी नाशिककरांनी न्यायालयापर्यंत धाव घेतली, आणि बरोबरच केलं. मग १६९६ साली बांधलेल्या रामकुंडाला एक न्याय आणि १९६६च्या बेसला दुसरा, असं का? तर न्याय एकच आहे, फक्त त्यात साल येत नाही. प्रश्न असा विचारावा की या बदलाने वस्तूचं काम चालू राहिलं की बंद पडलं. कुंडाचं काम पाणी धरणं आणि खालून पाणी येऊ देणं. काँक्रीटने ते बुजवलं, म्हणून काँक्रीट जावं. तिथे आपण १६९६ची तारीख परत आणत नाही, झरा परत आणतो. रामकुंडाची डागडुजी नंतर गोपिकाबाईंनी केली होती. काँक्रीट काढा म्हणणारा कुणीही गोपिकाबाईंचे दगडही काढून मूळ स्थिती आणा असं म्हणत नाही. बेसच्या बाबतीत हाच निकष लावला तर यादी लगेच आखूड होते. मान वाकली असेल तर सरळ करा. बॅटरी फुटून सर्किट खाल्लं असेल तर ते काढा. कोयंड्याच्या आकड्याने लाकूड तडकत असेल तर आकडा काढा, आणि सुताराला मनातल्या मनात नमस्कार करा. पण दुसरा पिकअप वाजतो आहे, मर्फीचा पॉट फिरतो आहे, लाल रंग लाकूड राखतो आहे. त्यांनी कुठला झरा अडवला? भांडी बाजारात पितळी पातेल्याला कल्हई करणाऱ्याला कुणी विचारत नाही की पातेलं मूळ स्थितीत होतं तेव्हाची कल्हई कुठे गेली. ओझरच्या कारखान्यात मिग-२१ विमानांना नवं रडार, नवी शस्त्रं देऊन ‘बायसन’ केलं गेलं. वैमानिकांनी मूळ रडारसाठी आंदोलन केल्याचं ऐकिवात नाही.

संगीतातले सोवळे लोक इथे शेवटचं अस्त्र काढतात: आवाज. मूळ भागांचा म्हणून जो आवाज असतो तो दुसऱ्या भागांना येत नाही. यात तथ्य आहे, पण ते भलत्याच ठिकाणी आहे. बेसचा आवाज सगळ्यांत आधी वाजवणाऱ्याच्या बोटांतून येतो, मग तारांतून, मग बाकीच्या सामानातून. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांमागे ज्याचा बेस आहे तो जेम्स जेमर्सन आपल्या १९६२च्या प्रिसिजनच्या जाड सपाट तारा तुटल्याशिवाय बदलतच नसे. त्या तारांवरचा मळ हाच त्याचा आवाज, आणि मळाला अनुक्रमांक नसतो. आपल्याकडच्या वाद्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवून ठेवला आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या तंबोऱ्याची घोडी दरवेळी जवारी करताना थोडी थोडी घासली जाते. आवाज खुलवायचा तर मूळ पृष्ठभाग खरवडायचाच, हा तिथला शिरस्ता. शंभर वर्षांच्या तंबोऱ्याची घोडी आज नेमकी कितवी आहे हे कुणी विचारत नाही, आणि जवारी करणाऱ्याला कुणी ‘मॉडिफिकेशनवाला’ म्हणत नाही. त्याला गुरुजींच्या शेजारी बसवून चहा देतात. उलट प्रिसिजनच्या मानेवरच्या पट्टीचं लाकूड म्हणजे शिसवी. साठच्या दशकाच्या मध्यानंतर फेंडरने ब्राझीलचं सोडून भारतीय शिसवी वापरायला सुरुवात केली, म्हणजे नाशिकच्या वाड्यांत जिच्या पाटावर चार पिढ्या जेवल्या तीच. अमेरिकेला जाऊन, पट्टी होऊन, आपल्याच घाटावर परत आलेल्या या लाकडाची मूळ स्थिती शोधायची तर ती पश्चिम घाटातलं झाड होण्यात आहे, आणि तिथवर जाण्याची नातवाची तयारी दिसत नाही.

न बदललेली काही वाद्यं कुठे तरी जशीच्या तशी राहिली पाहिजेत, हे मात्र कबूल. पुढच्यांना काय बदललं हे कळायला आधी काय होतं हेही दिसायला हवं. पण ती राहिली आहेत, कपाटांत आणि संग्रहालयांत, कारण ती कुणी फारशी वाजवली नाहीत. आजोबांचा बेस त्या पंगतीतला नाही. त्याला बळजबरीने तिथे नेऊन बसवलं तर तो तिथला सगळ्यांत खोटा पाहुणा ठरेल. तरी नातवाचा हट्टच असेल, तर निदान एवढं करावं: जे काढाल ते फेकू नका. मर्फीचा पॉट, वाइंडिंगवाल्याची गुंडाळी, कोयंड्याचा आकडा, लाल रंगाची एक खपली सगळं एका डब्यात घालावं आणि डब्यावर तारीख टाकावी. पन्नास वर्षांनी याच बेसला ‘नाशिक स्थितीत’ परत आणू पाहणारा कुणी तरी निघेलच, आणि त्या दिवशी शालिमारच्या पॉटचा भाव फुलर्टनच्या पॉटपेक्षा वर गेलेला असेल.

आणि समजा, सगळं मनासारखं झालं. खड्डा बुजला, पिवळा-तपकिरी चमकला, १९६६च्या अमुक आठवड्यातला पॉट बसला, ब्रिजवरचं ते दुर्मीळ चकचकीत झाकणही समुद्रापलीकडून टपालाने आलं, स्पंजासकट. कालिदास कलामंदिरात ऑर्केस्ट्रा लागला. पहिल्या गाण्याला झाकणावर पंजा अडतो आहे हे वादकाच्या लक्षात येतं. दुसऱ्या गाण्याला आवाज बसल्यासारखा वाटतो, कारण स्पंज तारा दाबतो आहे, जसं लिओ फेंडर यांना हवं होतं अगदी तसं. तिसऱ्या गाण्याला मागून ढोलकीवाला विचारतो, “काय रे, बेस गेला का?” मध्यंतरात स्क्रू ड्रायव्हर शोधला जातो, दोन स्क्रू निघतात, झाकण बाजूला होतं. चहाबरोबर कुणी तरी शेंगदाण्यांची पुडी फोडतं, आणि टरफलं टाकायला जवळ दुसरं काही सापडत नाही.